भिंगरीचा टीपीआर

दारावरची बेल वाजली की ती गिरक्या घ्यायची. सलग सात-आठ, नेहमी उजवीकडून, आणि मग येणाऱ्याच्या पायावर बसकण मारायची. म्हणून तिचं नाव भिंगरी. २०१२ च्या जूनमध्ये लेकाने तिला बुटाच्या खोक्यात घालून डोंबिवलीला आमच्या घरी आणली तेव्हा ती दोन महिन्यांची होती, मुठीएवढी, पांढरी. विकणाऱ्याने पॉमेरियन म्हणून दिली होती. आपल्याकडे ज्याला सगळे पॉमेरियन म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. खरा पॉमेरियन दोन-तीन किलोचा, आमची भिंगरी नऊ किलोंची. पण इस्पितळाच्या कागदावर आजही पॉमेरियनच लिहिलेलं आहे.

२०२२ च्या दिवाळीनंतर गिरक्या कमी झाल्या. आठाच्या चार, मग दोन. नाताळापर्यंत ती बेल वाजली की नुसती उभी राहायची आणि शेपटी हलवायची. आम्ही म्हटलं, साडेदहा वर्षांची झाली, वय झालं. हे वाक्य मी वॉर्डात किती नातेवाइकांच्या तोंडून ऐकलं होतं! "आजी हल्ली जिने चढत नाहीत, वय झालं ना." आणि दर वेळी मी त्यांना सांगत आले की वय हा आजार नाही, काय होतंय ते डॉक्टरांना नीट सांगा. घरी मात्र मीच ते वाक्य बोलून मोकळी झाले.

मी ३३ वर्षं नर्स होते, महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात. त्यातली बरीच वर्षं मेडिसिन वॉर्डात काढली. हे सांगण्याचं कारण एवढंच की जे मला दिसायला हवं होतं ते दिसलं नाही, आणि ते कसं निसटलं हे लहान जातीची कुत्री पाळणाऱ्या प्रत्येकाला कळावं असं मला मनापासून वाटतं.

त्याच सुमारास खोकला सुरू झाला. रात्री दोन-तीनच्या सुमाराला, नाहीतर पाणी प्यायल्यावर, नाहीतर बाहेर जायचं म्हणून ती आनंदली की. कोरडा, ठसक्याचा, शेवटी मान खाली घालून ओकारी काढल्यासारखा आवाज आणि थोडा पांढरा फेस. बघणाऱ्याला वाटतं घशात हाड अडकलंय. आम्ही जवळच्या दवाखान्यात नेलं. घसा लाल आहे म्हणाले, सिरप दिलं, पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलं. थोडं बरं वाटल्यासारखं झालं, पुन्हा सुरू. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चार फेऱ्या झाल्या. सिरप बदललं, अँटिबायोटिक बदललं. या चार फेऱ्यांत एकदाही तिच्या छातीला स्टेथोस्कोप लागला नाही. मला त्या दवाखान्याशी भांडायचं नाही. गर्दी असते, कुत्री हलतात, भुंकतात. पण छाती ऐकायला अर्धं मिनिट लागतं. आणि स्टेथोस्कोप माझ्याही कपाटात होता, निवृत्त होताना आणलेला, मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेला.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातली रात्र. मी पाणी प्यायला उठले तर भिंगरी स्वयंपाकघरात फरशीवर बसलेली. झोपलेली नाही, बसलेली. कोपर दोन्ही बाजूंना फाकवलेले, मान पुढे ताणलेली, तोंड किंचित उघडं. मी तिला हाताने आडवं करायला गेले तर ती लगेच उठून परत तशीच बसली. हे रूप मी ओळखत होते. वॉर्डात हार्ट फेल्युअरचे पेशंट असेच बसतात, पुढे उशी घेऊन, रात्रभर. आडवं झालं की त्यांचा जीव गुदमरतो. मी तिथेच जमिनीवर बसले, भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंद काटा बघत तिच्या बरगड्या मोजल्या. एका मिनिटाला ६२. ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, गुलाबी असतात त्या राखाडी दिसत होत्या.

यांनी रिक्षा आणली. रात्री उघडा असलेला दवाखाना कल्याणला सापडला. तिथे एक तरुण डॉक्टरीण होती. तिने नाव-गाव विचारायच्या आधी स्टेथोस्कोप लावला, डाव्या कोपराच्या मागे, आणि काही सेकंदांत मान वर केली. "काकू, हिच्या हृदयात जादा आवाज आहे हे कुणी सांगितलं नव्हतं?" मग तिने एक्स-रे काढला नाही, रक्त घेतलं नाही. आधी लॅसिक्सचं, म्हणजे अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारं, इंजेक्शन दिलं आणि तिला ऑक्सिजनच्या पेटीत ठेवलं, वर चादर टाकून दिवा मंद केला. "आत्ता हिला टेबलावर आडवी पाडली तर तिथेच जाईल. आधी श्वास येऊ दे, फोटो नंतर." मनात म्हटलं, पोरगी तयार आहे. नंतर कळलं की ती परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेली, जे १८८६ पासून आहे आणि ज्याच्या आवाराला आम्ही परळ-लालबागची मुलं बैलघोडा म्हणत वाढलो. आमच्या चाळीतलं कुठलंही जनावर आजारी पडलं की वडील म्हणायचे, बैलघोड्याला न्या.

दोन तासांनी पेटीतल्या पेपरावर भिंगरीने भलं मोठं तळं केलं. डॉक्टर म्हणाली, फुप्फुसातलं पाणी निघतंय. श्वास ६२ चे ४४ झाले, पहाटे ३६. सकाळी सहाच्या सुमारास भिंगरी आडवी झाली. डोकं पंजांवर ठेवून खरोखर झोपली. मी पेटीच्या काचेला हात लावून उभी होते आणि मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी एक्स-रे झाला. ती फिल्म मी अजून जपून ठेवली आहे. डॉक्टरने पट्टी घेऊन हृदयाची उंची मोजली, मग रुंदी, आणि ती दोन्ही मापं पाठीच्या मणक्यांवर ठेवून किती मणके होतात ते मोजलं. कुत्र्याचं हृदय मोठं झालंय का हे त्याच्याच मणक्यांनी मोजतात, म्हणजे लहान-मोठ्या कुत्र्यांना एकच माप लागू पडतं. सर्वसाधारणपणे साडेदहापर्यंत ठीक धरतात. हिचे बारा भरले. आणि श्वासनळी, जी मानेकडून छातीत तिरकी खाली उतरते, ती वर उचलली जाऊन मणक्यांना जवळजवळ समांतर झाली होती. "हा बघा तुमचा खोकला," डॉक्टर म्हणाली. डाव्या बाजूचा वरचा कप्पा फुगून नळीला खालून रेटत होता. चार महिने आम्ही घशाला औषध घालत होतो.

पुढच्या आठवड्यात मुंबईला नेऊन इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला. मायट्रल झडप, व्हॉल्व्ह म्हणा. हृदयाच्या डाव्या बाजूला वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधलं दार. या दाराला दोन पातळ फळ्या असतात आणि त्या खालच्या बाजूने बारीक दोऱ्यांनी धरून ठेवलेल्या असतात, म्हणजे हृदय आवळलं की त्या उलट्या उघडत नाहीत. लहान जातीच्या कुत्र्यांत वय वाढेल तशा या फळ्यांच्या कडा जाड आणि गाठाळ होत जातात. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं आणि चौकटीत बसेनासं होतं ना, तसं. फट राहते. रक्त पुढे जाण्याऐवजी थोडं मागे फिरतं, पुढच्या ठोक्याला आणखी थोडं. मागे फिरताना त्याचा जो फुसफुस आवाज येतो तो म्हणजे मर्मर. वरचा कप्पा हळूहळू ताणला जातो, आणि एक दिवस मागे साचलेल्या रक्ताचा दाब फुप्फुसात पाणी उतरवतो.

मायट्रल माझ्या ओळखीची होती. वॉर्डात कितीतरी मुली बघितल्या, विशीतल्या, पहिलटकरणी, लहानपणी घसा बिघडून आलेल्या संधिवाताच्या तापाने हीच झडप खराब झालेल्या. पण त्यांचं कारण वेगळं. कुत्र्यांत घसा बिघडून, ताप येऊन असं होत नाही. ही झडप आतूनच झिजते-सुजते आणि त्यात आई-बापाकडून आलेला भाग मोठा. शेजारच्या काकांनी सांगितलं, तूप-पोळी घालून घालून ब्लॉकेज केलंत. नाही हो. माणसात होतात तसे चरबीचे ब्लॉकेज कुत्र्यांत क्वचित असतात. त्या तूप-पोळीचा अपराध मी पंधरा दिवस मनात घेऊन फिरत होते, म्हणून मुद्दाम लिहिते. मोठ्या कुत्र्यांचं दुखणंही वेगळं. डॉबरमनसारख्यांत हृदयाचा स्नायूच पातळ आणि ढिला पडतो. पॉमेरियन, डॅशहुंड, पूडल, चिवावा, कॅव्हेलियर या छोट्यांत मात्र झडप. कुत्र्यांच्या हृदयविकारांत सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार हाच.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले ती.

इको करणाऱ्या डॉक्टरांनी पायऱ्या सांगितल्या. जगभरचे पशुवैद्य या आजाराला ए, बी, सी, डी अशा पायऱ्या देतात. ए म्हणजे जातीमुळे धोका आहे, पण अजून काहीच नाही. बीचे दोन भाग. पहिल्यात आवाज ऐकू येतो पण हृदयाचा आकार नीट. दुसऱ्यात हृदय मोठं झालेलं, पण कुत्रं मजेत. सी म्हणजे एकदा तरी फुप्फुसात पाणी झालं. डी म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. भिंगरी आमच्या हाती सीमध्ये लागली. बीमध्ये ती नक्की होती, कदाचित दोन वर्षं, कदाचित तीन. कारण झडप एका दिवाळीत बिघडत नाही.

लेकाने त्या रात्री फोनवर शोधून मला वाचून दाखवलं. २०१६ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, ११ देशांतली ३६० कुत्री. सगळी बीच्या दुसऱ्या भागातली, म्हणजे हृदय मोठं झालेलं पण वरून ठणठणीत. निम्म्यांना पिमोबेंडान नावाची गोळी, निम्म्यांना औषध नसलेली नुसती गोळी. ज्यांना गोळी मिळाली त्यांचं हृदय थकून फुप्फुसात पाणी व्हायला सुमारे १५ महिने जास्त लागले. पंधरा महिने! कुत्र्याच्या आयुष्यात पंधरा महिने म्हणजे काय असतात ते विचार करून बघा. भिंगरीला ते मिळाले असते की नाही हे कुणी सांगू शकत नाही, डॉक्टरांनीही तसं स्पष्ट सांगितलं. पण ते मिळायची वाट उघडी होती, आणि त्या वाटेचं दार म्हणजे दर वर्षीच्या लशीच्या वेळी अर्धं मिनिट छातीला लावलेला स्टेथोस्कोप. दर वर्षी मी तिला लशीला नेत होते. दर वर्षी वजन करत होते. "जरा छाती ऐकता का?" एवढं मी विचारलं नाही.

म्हणून हात जोडून सांगते. तुमचं कुत्रं लहान जातीचं असेल आणि सहा-सात वर्षांचं झालं असेल तर पुढच्या वेळी हे वाक्य विचारा. खोकला असेल तर पहिल्याच भेटीत विचारा. प्रत्येक खोकला हृदयाचा नसतो. या छोट्यांची श्वासनळी ढिली पडून चपटी होते, तेव्हाही हंस ओरडल्यासारखा खोकला येतो, आणि कधी कधी दोन्ही एकत्र असतात. पण ते ऐकून, फोटो काढून ठरवायचं.

औषधांची आमची घडी अशी बसली. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला पिमोबेंडान, खाण्याच्या तासभर आधी, कारण रिकाम्या पोटी ती जास्त लागू पडते. ही गोळी हृदयाचं आवळणं जोरदार करते आणि रक्तवाहिन्या सैल करते, म्हणजे हृदयाला पुढे ढकलायला सोपं जातं. मग लॅसिक्स. मग हृदयावरचा ताण कमी करणाऱ्या आणखी दोन गोळ्या, बेनाझेप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन. डोस मुद्दाम लिहीत नाही, तो वजनावर आणि मूत्रपिंडावर ठरतो आणि कुणी दुसऱ्याच्या कुत्र्याचा डोस उचलू नये. लॅसिक्स सुरू झाल्यावर आठ-दहा दिवसांनी मूत्रपिंडासाठी रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासलं, नंतर दर तीन महिन्यांनी. एका शेजारणीने भिंगरीच्या गुडघ्यांसाठी माणसांची दुखण्याची गोळी द्यायला सांगितलं. कधीही देऊ नका. आयबुप्रोफेनसारखी गोळी कुत्र्याच्या मूत्रपिंडाला अशीही घातक, त्यात लॅसिक्स चालू असताना तर विचारूच नका.

लॅसिक्स म्हणजे तहान आणि लघवी. पाणी अजिबात तोडायचं नाही, हे माझ्या सासूबाईंच्या वेळी घरात सगळ्यांना समजावताना जेवढं कठीण गेलं होतं तेवढंच आताही गेलं. आमची बिल्डिंग तीन मजली, आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दिवसातून सहा वेळा खाली. यांनी माझ्या जुन्या सुती साडीची झोळी शिवून घेतली, दोन्ही खांद्यांवरून घेता येईल अशी, आणि त्यात तिला घालून ते जिने उतरतात. रेल्वेच्या कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस, बोलणं कमी. पण खाली पोचल्यावर तिला झोळीतून काढताना आधी तिचे मागचे पाय जमिनीला टेकवतात, मग पुढचे, आणि ती उभी राहिल्याची खात्री होईपर्यंत छातीखालचा हात सोडत नाहीत. गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस आणला. रात्री पेपर गॅलरीत.

मीठ गेलं. पापड, फरसाण, ब्रेड, चीज, संध्याकाळच्या चहाबरोबरचा खारी बिस्किटाचा तुकडा, जो तिला दहा वर्षं रोज मिळायचा. ते सगळ्यात अवघड होतं, तिच्यासाठी नाही, यांच्यासाठी. आता तिला बिनमिठाचं उकडलेलं चिकन आणि भात, आणि गोळी घरी फाडलेल्या पनीरच्या वाटाण्याएवढ्या गोळ्यात. डॉक्टरने जेवण कमी करू नका असंही बजावलं, कारण या आजारात मांस झडतं. तिच्या खांद्याची हाडं आता केसांतून हाताला लागतात.

आणि श्वास. डॉक्टरने पहिल्याच दिवशी सांगितलं, "सिस्टर, तुम्हाला शिकवायला नको." तरीही मी शिकले, कारण माणसाचा आणि कुत्र्याचा फरक आहे. जागेपणी मोजायचा नाही, धापा टाकताना तर नाहीच. गाढ झोपेत, पंखा चालू असताना, स्वप्नात पाय हलत नसताना. छाती वर गेली आणि खाली आली की एक. अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलं तरी चालतं, मी पूर्ण मिनिट मोजते, ती सवय जात नाही. निरोगी किंवा औषधावर स्थिर असलेल्या कुत्र्याचे झोपेतले श्वास मिनिटाला तीसच्या खाली असतात. एकदा जास्त आले तर अर्ध्या तासाने परत मोजायचे. पुन्हा तीसच्या वर आले तर डॉक्टरला फोन, सकाळची वाट न बघता. खोकला वाढायच्या आधी, ती खायची थांबायच्या आधी, हा आकडा वर सरकतो. पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही.

मी वॉर्डातल्यासारखा टीपीआरचा, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचा, तक्ता आखला आहे. टेम्परेचर आणि पल्सचे रकाने रिकामे, रेस्पिरेशनचा भरलेला. दिवसाची नोंद निळ्या शाईने, रात्रीची लाल, आमच्या वेळी नाइट ड्युटीचा रिपोर्ट लाल शाईने लिहायचो तसा. पहिल्या महिन्यात २६, २८, २४, २७. मग बरेच महिने २२-२४. गेल्या वर्षी दिवाळीत फटाक्यांच्या चार दिवसांत २९ पर्यंत गेला आणि खाली आला. त्या चार दिवसांत आम्ही बाथरूममध्ये गादी टाकून तिघंही तिथेच झोपलो, खिडकी नसलेली ती एकच खोली. यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात, उकाड्याचे दिवस, एका रात्री ३४ आला. अर्ध्या तासाने ३६. ती शांत झोपलेली, खोकला नाही, जेवली होती. हे म्हणाले, सकाळी बघू का? मी फोन लावला. डॉक्टरने लॅसिक्सचा जादा डोस द्यायला सांगितला, रात्री दोनला ३०, पहाटे २६. सकाळी जाऊन फोटो काढला तर फुप्फुसाच्या मुळाशी पांढरट धूसर दिसायला लागलं होतं. डोस वाढला. ऑक्सिजनची पेटी लागली नाही, राखाडी हिरड्या बघाव्या लागल्या नाहीत. त्या एका रात्रीसाठी सव्वा वर्षाच्या सगळ्या नोंदी कामी आल्या.

मध्ये एकदा लेक म्हणाला की जपानमध्ये यावर ऑपरेशन करतात. खरंच करतात. योकोहामाचे डॉ. मासामी उएची इवल्याशा कुत्र्यांना हार्ट-लंग मशीनवर घेऊन, हृदय थांबवून, झडपेच्या तुटक्या दोऱ्यांच्या जागी नव्या दोऱ्या शिवतात. मी माणसांचं बायपास मशीन जवळून पाहिलं आहे. तीन-चार किलोच्या जिवाला तसं मशीन लावणाऱ्या हातांना मी मनातल्या मनात नमस्कार केला. आमच्या आवाक्यातलं ते नव्हतं, आणि साडेअकराव्या वर्षी तिला विमानात घालायची माझी तयारीही नव्हती.

दुसरी गोष्ट नातीची. तिला कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल हवं आहे, लांब कानांचं, मोठ्या डोळ्यांचं, मोबाइलवर बघून. मी तिला समोर बसवून सांगितलं. या जातीत ही झडप इतक्या लवकर आणि इतक्या सर्रास बिघडते की दहा वर्षांच्या पुढच्या बहुतेक सगळ्या कॅव्हेलियरांच्या छातीत आवाज असतो. नॉर्वेत प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संघटनेने हे प्रकरण कोर्टात नेलं आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं की कॅव्हेलियरची आपापसात पैदास करणं तिथल्या प्राणिकल्याण कायद्यात बसत नाही. नात बारा वर्षांची आहे. तिने विचारलं, "म्हणजे ते कुत्रं वाईट आहे का?" नाही गं. कुत्र्याचं काहीच चुकलेलं नाही. चूक आपली, चेहरा बघून जोड्या लावणाऱ्यांची आणि आई-बापाचं हृदय कसं आहे हे न विचारता खोक्यातून पिल्लू उचलणाऱ्यांची. आम्हीही २०१२ साली विचारलं नव्हतं. आता कुणी मला विचारलं की पिल्लू घ्यायचं आहे, तर मी सांगते की त्याची आई बघायला मागा, ती किती वर्षांची, तिच्या छातीचा आवाज कुणी ऐकलाय का ते विचारा. विकणारा उत्तर देत नसेल तर परत या.

भिंगरी आता बारा वर्षांची आहे. मागच्या महिन्यात लेक अचानक आला, बेल वाजली, आणि तिने गिरकी घ्यायला सुरुवात केली. अर्धी झाली आणि ती कुशीवर कलंडली, पाय ताठ, डोळे उघडे. घरात किंचाळाकिंचाळ. मला माहीत होतं ही फिट नाही. हृदयाने उत्तेजनेला साथ दिली नाही की अशी चक्कर येते. अर्ध्या मिनिटात ती उठली आणि लेकाच्या पायावर जाऊन बसली. तेव्हापासून आम्ही बेलची वायर काढून ठेवली आहे. येणारे फोन करून येतात आणि दार हळूच उघडतो. ती उठते, अर्धी वळते, थांबते. मी तिच्या छातीखाली हात धरते. बोटांना ती थरथर लागते, मांजर गुरगुरल्यासारखी. आवाज इतका वाढला की तो हातालाही कळतो.

तळमजल्यावर ब्रुनो आहे, डॅशहुंड, आठ वर्षांचा. भिंगरीच्या त्या रात्रीनंतर मी वहिनींच्या मागे लागून त्याची छाती ऐकवली. दोन नंबरचा आवाज निघाला, सहापैकी दोन. इको केला, हृदयाचा आकार नीट. बीचा पहिला भाग. अजून कुठलंही औषध नाही, फक्त दर सहा महिन्यांनी तपासायचं आणि वजन वाढू द्यायचं नाही. वहिनी आधी घाबरल्या, उगाच कळलं असं म्हणाल्या, आता म्हणत नाहीत.

काल संध्याकाळी त्यांचा मुलगा वर आला, चौथीत आहे, हातात वही आणि आईचं घड्याळ. ब्रुनोचे श्वास मोजायला शिकायचं म्हणून मी त्याला भिंगरीपाशी बसवलं. बाहेर पाऊस पडत होता, ती गादीवर कुशीवर झोपली होती, पोट उघडं. त्याने ओठ हलवत मोजायला सुरुवात केली, मध्येच थांबला आणि माझ्याकडे वळून कुजबुजला, "आजी, ब्रुनो तर घोरतो. घोरणं पण मोजायचं का?"

"घोरू दे त्याला," मी म्हटलं. "तू पोटाकडे बघ. वर, खाली, एक."

तो परत वळला आणि बोट वर-खाली करत पहिल्यापासून मोजू लागला.